नटबटर गोड करायला जाता आणि गोळा होतो? या चुका टाळा

दाण्यांचं नुसतं बटर सहसा बिघडत नाही. भाजलेले फल्लीदाणे मिक्सरमध्ये फिरवत राहिलं की ते तेल सोडतातच, कारण शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असतं. घोळ होतो तो गोड करताना. बटर छान ओघळायला लागलेलं असतं, त्यात दोन चमचे मध पडतो आणि बघता बघता पात्याभोवती चामट गोळा बसतो. मग कुणी मिक्सरला नावं ठेवतं, कुणी दाण्यांना. बिचारे दोघेही निर्दोष असतात. काम बिघडवतं ते पाणी.

नटबटर म्हणजे तेलात तरंगणारे दाण्याचे बारीक कण. त्यात थोडंसं पाणी शिरलं की कणांतली साखर, स्टार्च आणि प्रथिनं ते ओढून घेतात, ओली होतात आणि एकमेकांना चिकटतात. तेल बाजूला पडतं. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचा थेंब पडला की ते जसं आवळून येतं, तसाच हा प्रकार. पांढरी साखर जवळजवळ पूर्ण कोरडी असते, म्हणून ती घातलेल्या बटरला हा त्रास होत नाही. आपल्याला साखर नको असते, म्हणून आपण मध, खजूर, गूळ घेतो आणि गोडव्याबरोबर पाणीही आत घेतो. मधात साधारण १७-१८ टक्के पाणी असतं. मऊ, चिकट खजुरात त्याहूनही जास्त असू शकतं.

तेव्हा पहिली चूक म्हणजे ओला खजूर थेट भांड्यात टाकणे. खजूर भिजवून टाकणं तर त्याहून वाईट. त्याऐवजी खारीक घ्या. दिंकाच्या लाडवांसाठी करतो तशी पूड करायची: बिया काढून तुकडे, मंद आचेवर कोरडे होईपर्यंत परतणं, पूर्ण गार करणं, मग दळून बारीक चाळणीतून चाळणं. चाळायचा कंटाळा करू नका, नाहीतर बटर खाताना दाताखाली रेती आल्यासारखं वाटतं. दोन वाट्या दाण्यांना तीन-चार मोठे चमचे पूड पुरते. ती सुरुवातीला नाही, तर बटर पूर्ण पातळ झाल्यावर घालायची आणि मिनिटभरच फिरवायचं. थोडं घट्ट होईल, ते चालतं. खजूरच घालायचा हट्ट असेल, तर बिया काढून, पातळ काप करून मे महिन्यात गच्चीवर कापडाखाली वाळवा. आपल्या नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाचा काहीतरी उपयोग व्हायला हवा. काप कडकडीत झाले की त्यांचीही पूड होते.

गुळाचं गणित वेगळं. किसलेला गूळ मिक्सरच्या उष्णतेने मऊ पडतो, दाण्यांना लपेटतो आणि हाताशी लाडवाचं सारण येतं. गुळाची कोरडी पावडर बरी. पण तीही हवेतलं पाणी ओढते, आणि इथे नागपूरकरांची एक खास अडचण आहे. उन्हाळ्यात बाहेरची हवा भाजून काढणारी कोरडी असते, म्हणून वाटतं की आता ओलाव्याची काय भीती? पण घरात दिवसभर कूलर चालू असतो. खसातून येणारी ती गार हवा चांगलीच दमट असते. स्वयंपाकघराचं तोंड कूलरच्या खोलीकडे असेल, तर उघडी राहिलेली गुळाची पावडर भर मे महिन्यातही संध्याकाळपर्यंत सादळते. पूड करायच्या आणि बटर फिरवायच्या वेळी कूलर तासभर बंद ठेवा. घाम येईल, पण गोळा होणार नाही. पावसाळ्यात तर दाणेच सादळलेले असतात. इतवारी बाजारातून ताजे आणले असले तरी ते पुन्हा भाजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मध घालायचाच नाही का? घाला, पण बरणीत नाही. पोळीवर किंवा ब्रेडवर बटर लावा आणि वरून मधाची धार सोडा. चव तीच, भानगड नाही. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात द्यायचा नाही.

आणि संत्रं. नागपुरात कुणीतरी संत्र्याचा रस घालून बघणारच. रस म्हणजे बहुतांशी पाणीच, त्यामुळे त्याचं काय होणार ते आता सांगायला नको. संत्र्याचा स्वाद हवा तर सालीचा फक्त नारिंगी भाग किसून वाळवा आणि चिमूटभर पूड घाला. आतला पांढरा भाग आला तर कडवटपणा येतो. हे बटर खरंच चांगलं लागतं, बदामाचं तर जास्तच.

पाणी आणखी दोन आडवाटांनी येतं, आणि त्या लक्षात येत नाहीत. एक, भाजलेले गरम दाणे झाकून ठेवणं. आतली वाफ झाकणाला लागून परत दाण्यांवर पडते. परातीत पसरून ठेवा, कोमट झाले की सालं चोळून सुपात पाखडा आणि कोमट असतानाच मिक्सरला लावा. अगदी गार दाण्यांना तेल सोडायला वेळ लागतो. दुसरी, गरम बटर बरणीत भरून लगेच झाकण लावणं. त्यात बरणी धुऊन नुसती पुसलेली असली तर झालंच. धुतलेली बरणी उन्हात ठेवून कोरडी करा.

बदाम भिजवून सोलायची सवयही इथे आडवी येते. भिजवलेले बदाम वरून कोरडे दिसतात, आतून ओले असतात. सालासकट भाजा, रंग थोडा गडद येईल एवढंच.

भाजताना घाई करू नका. मोठ्या आचेवर वरून डाग पडतात आणि आत दाणा कच्चा राहतो. मंद आचेवर अर्ध्या किलोला पंधरा मिनिटं तरी लागतात. एक दाणा फोडून बघा, आतून फिका सोनेरी हवा. गॅस बंद केल्यावरही गरम कढईत तो भाजतच राहतो, म्हणून लगेच काढा. भाजण्याआधी निवडायचा कंटाळाही नको. बुरशी धरलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे टाकून द्या. त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते घरच्या भाजण्याने पूर्ण जात नाही. कडू दाणा एखादाच असला तरी सगळी बरणी कडू करतो.

मिक्सरमध्ये आधी कूट होतं, मग कूट कडेला चिकटतं, मग मधे ढेकूळ फिरू लागतं. नेमकं इथेच लोकांचा धीर सुटतो आणि चमचाभर पाणी किंवा दूध पडतं. नका घालू. अर्धा-पाऊण मिनिट फिरवा, थांबा, कडा खरवडा, परत फिरवा. ढेकूळ आपोआप सैल होतं. फारच अडलं तर चमचाभर शेंगदाण्याचं तेल घाला. काजू लवकर वळणावर येतो, बदाम बराच छळतो. मिक्सर मधेच बंद पडला तर घाबरू नका, बहुतेक मिक्सरना तळाशी लाल बटण असतं. मोटर गार होऊ द्या आणि मग ते दाबा. चटणीच्या भांड्यात पातं बुडेल एवढे दाणे हवेत, पण अर्ध्याच्या वर भरू नका.

एवढं करूनही गोळा झालाच, तर थोडं थोडं तेल घालून तो क्वचितच पूर्ववत होतो. अशा वेळी त्यात वेलची आणि चमचाभर तूप घालून लाडू वळा, घरात कुणी तक्रार करणार नाही. दुसरी वाट उलटी आहे: आणखी गरम पाणी घालत फिरवत राहा. पाणी पुरेसं झालं की मिश्रण परत गुळगुळीत होतं. मात्र ते आता बटर नसून चटणीसारखी पातळ पेस्ट असते, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवायची.

वर तेल साचणं ही चूक नाही. विकतच्या बरणीत ते टाळायला अनेकदा हायड्रोजनेटेड, म्हणजे डालड्यासारखं घट्ट केलेलं तेल घातलेलं असतं, आपण घातलेलं नाही. ते तेल ओतून टाकलं की खाली वीट उरते, म्हणून कोरड्या चमच्याने ढवळून घ्या. तेल सुटू नये म्हणून खोबरेल घालायचा सल्ला दिला जातो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, त्यामुळे डिसेंबरात तो उपाय जमतो, एप्रिल-मेमध्ये फ्रिजबाहेर त्याचा काडीचा उपयोग नाही. उन्हाळ्यात बरणी फ्रिजमध्येच ठेवा, बाहेर राहिली तर लवकर खवट होते.

घरात मधुमेहाचं माणूस असेल, तर खारीक आणि गूळ हीही साखरच आहे, हे त्यांच्या वाटणीच्या चमच्याला लागू धरा. त्यांच्यासाठी थोडं बटर गोड करण्याआधीच वेगळं काढून चिमूटभर बारीक मीठ घातलं तरी चव येते.