.२२ रायफलच्या काडतुसांची पारख कशी करावी

.२२ लाँग रायफल हे काडतूस नेमबाजाला स्वतः भरता येत नाही. कारखान्यातून जसे येते तसेच ते नळीत घालावे लागते. म्हणून ५० मीटर रायफल प्रकारात उतरणाऱ्याने दोन कामे शिकून घ्यायलाच हवीत. आपल्या रायफलला मानवणारा लॉट, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी तयार झालेल्या काडतुसांचा गट, निवडणे हे पहिले आणि सदोष काडतूस वेळीच ओळखून सुरक्षितपणे हाताळणे हे दुसरे. २०२४ साली पॅरिसमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने या प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून कितीतरी मुले .२२ रायफलकडे वळली आहेत. त्यांना पवित्रा आणि श्वास यांविषयी भरपूर सांगितले जाते, पण काडतुसाविषयी फारच थोडे, आणि ही उणीव मला मनापासून खटकते.

दोष कुठे निर्माण होतो ते आधी समजून घ्यावे. या काडतुसाला स्वतंत्र प्रायमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, नसतो. ठिणगी देणारे मिश्रण पितळी पुंगळीच्या पोकळ कडेत ओल्या अवस्थेत भरतात आणि पुंगळी वेगाने फिरवून ते कडेभर पसरवतात. एखाद्या ठिकाणी ते पोहोचले नाही आणि फायरिंग पिन नेमकी तिथेच आदळली, तर बार होत नाही. दुसरा दोष वेगाचा, आणि तो अधिक फसवा असतो, कारण बार नीट झालेला असतो. सुमारे ३२० मीटर प्रतिसेकंद वेगाने नळीबाहेर पडणाऱ्या गोळीच्या वेगात १० मीटर प्रतिसेकंदांचा फरक पडला, तर ५० मीटरवर ती साधारण ८ मिलिमीटर वर किंवा खाली लागते. लक्ष्यावरच्या दोन वलयांतले अंतरही ८ मिलिमीटरच असते. म्हणजे नेम अचूक असूनही दहाचा नऊ होऊ शकतो, आणि नेमबाज बिचारा आपल्या ट्रिगरच्या बोटाला दोष देत बसतो.

पारख खोक्यावरच्या नावाची नव्हे, लॉट क्रमांकाची करावी. एकाच कंपनीची, एकाच नावाची आणि एकाच किमतीची दोन लॉटमधली काडतुसे एकाच नळीतून निराळी लागू शकतात. उलट एका रायफलमध्ये उत्तम ठरलेला लॉट शेजारच्या रायफलमध्ये सामान्य ठरतो. ईली आणि लापुआ यांसारख्या काडतूस कंपन्यांनी नेमबाजाला स्वतःची रायफल आणून लॉट तपासता यावा म्हणून चाचणी केंद्रे ठेवली आहेत, ती याच कारणासाठी. तिथे जाणे शक्य नसेल तर रेंजवर, वारा शांत असताना, रायफल क्लॅम्पमध्ये किंवा भक्कम टेकूवर ठेवून चाचणी घ्यावी. गोळीवरचे मेणासारखे वंगण बदलले की नळीला नव्या काडतुसाची सवय होण्यासाठी सुरुवातीच्या काही गोळ्या सोडून द्याव्यात आणि मगच मोजणी सुरू करावी. दहा-दहा गोळ्यांचे किमान चार-पाच ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचे पुंजके, काढावेत, सर्वांत लहान ग्रुपवर भाळू नये, आणि ग्रुप उभा लांबट येतो का हे मुद्दाम पाहावे, कारण क्लॅम्पमधली उभी पसरण बहुधा वेगातल्या चढउताराची असते.

भरवशाची चाचणी मात्र एका खोक्यावर होत नाही. समजा, एखाद्या लॉटमध्ये ५०० पैकी एक काडतूस फुटत नाही. अशा लॉटमधल्या ५० काडतुसांच्या खोक्यात एकही सदोष काडतूस न सापडण्याची शक्यता जवळजवळ ९० टक्के असते. म्हणून सरावातल्या प्रत्येक मिसफायरची लॉट क्रमांकासह नोंद ठेवावी. चित्र हळूहळू त्या वहीतूनच स्पष्ट होते. काडतुसांचे वजन करून वर्गवारी करण्यावर माझा फारसा विश्वास नाही, कारण ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) गोळी आणि पितळ यांच्या वजनातल्या फरकात एक-दोन ग्रेन दारूतला फरक बुडून जातो. त्यापेक्षा प्रत्येक काडतूस डोळ्यांनी पाहावे. चेपलेली कड, हलणारी किंवा तिरकी गोळी, हिरवट डाग, पितळेवरची चीर यांपैकी काहीही दिसले, तर ते बाजूला काढावे.

ट्रिगर दाबूनही बार झाला नाही, तर बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग, लगेच उघडू नये. नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे, कारण काडतूस उशिरा पेट घेऊ शकते. त्यानंतर रेंज ऑफिसरच्या सूचनेप्रमाणे ते बाहेर काढून कडेवरचा ठसा पाहावा. ठसा नेहमीइतका खोल असेल तर दोष बहुधा काडतुसाचा असतो. तो उथळ असेल तर फायरिंग पिन, तिची स्प्रिंग, बोल्टमधले घट्ट झालेले ग्रीस किंवा चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसते त्या जागेत, साचलेले मेण तपासावे, आणि तोवर कारखान्याला दोष देऊ नये.

फुसका बार याहून कितीतरी धोकादायक असतो. आवाज दबका आला, धक्का जाणवला नाही किंवा लक्ष्यावर छिद्र दिसले नाही, तर पुढची गोळी कोणत्याही परिस्थितीत झाडू नये. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. रायफल रिकामी करावी, बोल्ट काढून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहावे, आणि दिसला नाही तर रायफल जाणकार आर्मररकडे, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याकडे, सोपवावी. पुंगळीची कड फाटून गॅस मागे येण्याचा प्रकारही अधूनमधून घडतो, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा नेहमी असावा.

काही दोष आपल्याच साठवणुकीतून येतात. उन्हाळ्यात बंद गाडीत खोकी ठेवू नयेत, कोकणातल्या पावसाळी हवेत ती सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावीत, आणि गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचा हात काडतुसाला लावू नये, कारण ते तेल आत झिरपून मिश्रण निकामी करू शकते.

तक्रार करायची असेल तर न फुटलेले काडतूस घरी नेऊ नये आणि उघडून पाहण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. ते रेंज ऑफिसरच्या ताब्यात द्यावे. खोक्यावरचा लॉट क्रमांक, ठशाचे छायाचित्र आणि किती काडतुसांपैकी किती निकामी निघाली हा हिशोब विक्रेत्याला लेखी कळवावा. दोष फुसक्या बाराचा किंवा फाटलेल्या पुंगळीचा असेल, तर उत्तर येईपर्यंत त्या लॉटची उरलेली खोकी सरावासाठीही उघडू नयेत.