सरदाराचा वाडा राज्य संरक्षित स्मारक व्हावा यासाठी काय करावे

ज्या सरदाराने मोहिमा गाजवल्या, त्याचा वाडा केवळ त्याच्या पराक्रमाच्या बळावर संरक्षित होत नाही. तो संरक्षित होतो कागदपत्रांच्या आणि वारसांच्या संमतीच्या बळावर. सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा राजवाडा आज राज्य संरक्षित स्मारक आहे. तोच दर्जा आपल्या गावातील वाड्याला मिळावा असे वाटत असेल, तर तयारी दप्तरातून सुरू करावी.

राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंसाठी १९५८ चा केंद्रीय कायदा आहे. गावोगावच्या वाड्यांसाठी मात्र महाराष्ट्राचा १९६० चा प्राचीन स्मारकविषयक कायदा अधिक जवळचा असून त्याचे काम पुरातत्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय पाहते. वाडा नगरभूमापनाच्या हद्दीत असल्यास मिळकत पत्रिका आणि अन्यत्र असल्यास सातबारा किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना आठचा उतारा प्रथम काढावा. त्यावरील नावे वाचली की खरी अडचण समोर येते. चार-पाच पिढ्यांत वाटण्या होऊन एकेका चौकाला वेगळा मालक झालेला असतो, काहींच्या वारसनोंदी झालेल्याच नसतात आणि पुण्या-मुंबईत राहणाऱ्या एखाद्या हिस्सेदाराला आपला हिस्सा आहे हेही ठाऊक नसते. त्या नोंदी आधी पूर्ण करून सर्वांची लेखी संमती घ्यावी. यात वर्ष गेले तरी चालेल, कारण घाईने दिलेला अर्ज पुढे एखाद्या भाऊबंदाच्या हरकतीवर अडून बसतो.

वाडा त्याच सरदाराचा होता हे दाखवण्यासाठी सनदा, इनामपत्रे, शिलालेख आणि पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर उपयोगी पडते. दंतकथा जोडू नयेत. एक अस्सल सनद दहा आख्यायिकांहून भारी ठरते. वास्तूचा मोजणी नकाशा, प्रत्येक दालनाची छायाचित्रे आणि ग्रामसभेचा ठराव जोडून प्रस्ताव आपल्या विभागाच्या सहायक संचालक कार्यालयात द्यावा व पोच घ्यावी.

शासनाला प्रस्ताव पटल्यास राजपत्रात प्राथमिक अधिसूचना निघते, तिची प्रत वास्तूजवळ लावली जाते आणि हरकतींसाठी दोन महिने मिळतात. हरकतींचा विचार झाल्यावर अंतिम अधिसूचना निघते.

संरक्षण मिळाले म्हणजे मालकी सरकारकडे गेली, हा समज चुकीचा आहे. मालक शासनाशी करार करून देखभालीच्या अटी ठरवू शकतो. मात्र परवानगीशिवाय भिंत पाडणे किंवा नवे बांधकाम करणे बंद होते, हे वारसांना संमती घेतानाच स्पष्ट सांगावे. पुढे देखभालीला हातभार हवा असल्यास स्मारकाचे पालकत्व संस्थांकडे सोपवणारी ‘महाराष्ट्र वैभव’ ही राज्याची संगोपन योजना आहे. अंतिम अधिसूचना निघेपर्यंत पडझड थोपवायची असेल, तर लाकडी टेकू द्यावेत आणि छतावर ताडपत्री टाकावी. चुन्याच्या जुन्या भिंतीला सिमेंट मात्र लावू नये, कारण त्यामुळे ओल आतच कोंडते आणि भिंत फुगते.