आळवणीआधी एक रोप उपटून बघा

मृगाचे चार थेंब पडले की नारायणगाव, पिंपळगाव बसवंत, गिरणारे या पट्ट्यात टोमॅटो रोपांच्या ट्रेंनी भरलेले टेम्पो धावायला लागतात. रोपं शेतात उतरली की शेतकऱ्याचा पुढचा फेरा कृषी सेवा केंद्राकडे. येताना पिशवीत ह्युमिक, सीव्हीड (समुद्री शेवाळाचा अर्क), अमिनो, १२:६१:० आणि १९:१९:१९ ही पाण्यात विरघळणारी खतं (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश यांचे टक्के), एखादं बुरशीनाशक आणि वर 'पांढऱ्या मुळीसाठी खास' अशी एक बाटली. मग सगळं एकाच ड्रममध्ये कालवून एकाच दिवशी आळवणी, म्हणजे ते पाणी रोपाच्या बुंध्याशी ओतायचं. दोन दिवसांनी फोन येतो, "रोपांनी माना टाकल्यात, पानांच्या कडा करपल्यात, आता काय सोडू?" साधं पाणी सोडा आणि थांबा, एवढंच सांगावं लागतं.

हे माझ्याकडूनही झालंय. पहिल्या वर्षी मिरचीच्या ट्रेंना १९:१९:१९ दिलं, माप काय तर काडेपेटी. काडेपेटी तीच, पण एकदा सपाट भरलेली, एकदा शिगोशीग. तिसऱ्या दिवशी ट्रेमधल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिठासारखा पांढरा थर दिसला आणि पानांची टोकं जळाली. तेव्हापासून खत ग्रॅमच्या काट्यावरच मोजतो. छोटा काटा फार महाग पडत नाही, एका ट्रेच्या नुकसानीपेक्षा तर स्वस्तच.

बी रुजतं तेव्हा स्वतःची शिदोरी घेऊन येतं. बीदलं उघडून पहिलं खरं पान दिसेपर्यंत टोमॅटो-मिरचीला बाहेरून काही लागत नाही. पाणी, ऊब आणि हवा पुरे. पहिलं पान आल्यावर १९:१९:१९ लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. 'रोपं हिरवीगार दिसावीत' म्हणून युरिया टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. रोपं हिरवी होतात, पण उंच, लुसलुशीत आणि मऊ. ओलावा जास्त झाला की तीच आधी बुंध्याशी कोलमडतात. गादीवाफ्यावरच्या कांदा रोपालाही हेच लागू.

टोमॅटोचं रोप साधारण २५ ते ३० दिवसांत, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत लागवडीला येतं. शेवटच्या पाच-सहा दिवसांत खत बंद, पाणी कमी, ऊन थोडं जास्त. रोप जरा राकट झालं पाहिजे. रोपवाटिकेतून घेताना वरचा हिरवेपणा बघून भुलू नका. एका कोपऱ्यातलं आणि एक मधलं रोप अलगद उपसा. मुळांभोवतीचा कोकोपीटचा गोळा न फुटता बाहेर आला, त्याच्या कडेनं पांढऱ्या मुळ्यांची जाळी दिसली, तर रोप चांगलं. मुळ्या तपकिरी, बोटात धरून ओढल्यावर साल निसटते, गोळ्याला कुबट वास येतो, तर पाणी जास्त झालंय. तिथं कुठलीच बाटली उपयोगाची नाही. मुळ्या तळाशी गोल गोल गुंडाळल्या असतील तर रोप ट्रेमध्ये जास्त दिवस राहिलंय. तेही शक्यतो नको.

आता बाटल्यांचं. ह्युमिक आणि सीव्हीड ही खतं नव्हेत. मुळीची वाढ आणि अन्न उचलायला हातभार लावतात, पण मुळात जमिनीत हवा नसेल तर काही करत नाहीत. पांढरी मुळी, म्हणजे अन्न-पाणी उचलणारी कोवळी मुळी, वाफशावर (मातीत ओल आणि हवा दोन्ही असताना) फुटते, चिखलात नाही. आयबीएसारखी मुळ्या फोडणारी संप्रेरकं आहेत ती छाटकलमांसाठी, जिथं मूळच नसतं तिथं. डाळिंबाच्या किंवा द्राक्षखुंटाच्या काडीला ती लागतात. बियाच्या रोपाला आधीच मूळ असतं, त्याला ती जास्त झाली तर उलट मुळी आखूड आणि जाड होते. २०२१ पासून ह्युमिक, सीव्हीडसारखी जैव उत्तेजकं खत नियंत्रण आदेश, १९८५ च्या कक्षेत आली आहेत. तेव्हा बाटलीवर घटक, त्यांचं प्रमाण, पीक आणि मात्रा छापलेली नसेल तर ती परत ठेवा. घेतली तर पक्कं बिल घ्या.

लागवड दुपारनंतर करा. उन्हात मल्चिंगच्या (बेडवर अंथरलेल्या प्लास्टिकच्या) छिद्रातून गरम वाफ निघते, ती कोवळ्या बुंध्याला भाजते. बेसल डोसमधलं, म्हणजे लागवडीआधी मातीत दिलेलं, डीएपी खत बेडमध्ये नीट मिसळलेलं हवं, गोळ्याला थेट चिकटता कामा नये. कच्चं शेणखत तर नकोच, त्याची उष्णता लागते आणि मुळ्या खाणारी हुमणी अळी येते ते वेगळंच. लागवडीच्या दिवशी फक्त पाणी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, रोप सकाळी ताठ उभं दिसायला लागलं की पहिली आळवणी: १२:६१:० लिटरला २ ग्रॅम. स्फुरद जमिनीत फारसं सरकत नाही, म्हणून ते कोवळ्या मुळीच्या जवळ द्यावं लागतं, यासाठीच हा खटाटोप. रोपाला ५० मिली पुरतं. पाच फुटांचे बेड आणि दीड फुटाचं अंतर धरलं तर एकरी साधारण ५,८०० रोपं, म्हणजे ३०० लिटरच्या आत पाणी आणि ६०० ग्रॅमच्या आसपास खत. १५ लिटरच्या पंपात ३० ग्रॅम, नोझल काढून बुंध्याशी सोडायचं, एका पंपात ३०० रोपं. माती कोरडी असेल तर आधी ठिबक चालवून ओल करून घ्या. कोरड्या मातीत खताचं पाणी मुळीचंच पाणी ओढून घेतं.

ह्युमिक द्यायचं तर दोन-तीन दिवसांनी, वेगळं, लेबलवरच्या मात्रेनं. १२:६१:० चं द्रावण आंबट असतं, त्यात ह्युमिक फाटून गाळ बसू शकतो. बोअरचं पाणी जड असलं तरी तेच. शंका असेल तर काचेच्या ग्लासात थोडं थोडं मिसळून अर्धा तास ठेवा, तळाशी चोथा दिसला तर तोच उद्या ठिबकच्या ड्रिपरमध्ये अडकणार. कॅल्शियम नायट्रेट आणि १२:६१:० तर कधीही एकत्र नाही. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला आवरणारी मित्रबुरशी सोडली असेल तर तांब्याचं किंवा कार्बेन्डाझिमसारखं बुरशीनाशक आठ-दहा दिवस लांब ठेवा, नाहीतर पैसे देऊन आणलेली बुरशी पैसे देऊनच मारायची. मायकोरायझा (मुळीशी जोडून राहणारी उपयोगी बुरशी) वापरणाऱ्यांनी स्फुरदाचा हात आखडता घ्यावा, स्फुरद भरपूर असलं की ती मुळीला नीट धरत नाही.

संततधार लागली असेल तर आळवणी पुढे ढकला. पाणी साचलेल्या बेडवर सोडलेलं खत चरीतून वाहून जातं आणि मुळी गुदमरलेलीच राहते. आधी चर मोकळे करा, वाफसा येऊ द्या.

जास्त मात्रा पडलीच, तर त्याच दिवशी साधं पाणी भरपूर सोडून खत धुऊन काढा, पुढचे सात दिवस काही नको. जळालेलं पान हिरवं होणार नाही, लक्ष शेंड्यावर ठेवा. शेंडा नवा आला तर रोप वाचलं.

दहाव्या दिवशी दुसऱ्या डोससाठी ड्रम भरण्याआधी बेडच्या कडेचं एक रोप खुरप्यानं मातीसकट उचला. कोकोपीटच्या गोळ्यातून पांढऱ्या मुळ्या बाहेर मातीत बोटभर शिरलेल्या दिसल्या तर १९:१९:१९ लिटरला दोन-तीन ग्रॅम द्या. मुळ्या अजून गोळ्यातच अडकल्या असतील तर खत ठेवून द्या, आणि पाणी रोज किती वेळ चालतंय ते आधी बघा.