कठीण काळाची तयारी करताय? या चुका टाळा

मंदीच्या बातम्या वाचून मी पहिल्यांदा तयारीला लागले तेव्हा एकदम साठ किलो धान्य आणलं, दोन पिंपांत ओतलं, झाकणं घट्ट लावली आणि निर्धास्त झाले. आठ महिन्यांनी पिंप उघडलं तर वर जाळी धरलेली. आत कोपरापर्यंत हात घातला तर धान्य चक्क कोमट लागलं. किड्यांनी आत संसार थाटला होता आणि त्यांच्याच उबेनं दाणा तापला होता.

किडे बाहेरून आलेच नव्हते. सोंडकिड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून भोक बुजवते, त्यामुळे विकत आणलेल्या दाण्यात ते दिसतच नाही. धान्य जरा दमट असलं की पुढचं काम आपोआप होतं. साठवायच्या दाण्यात ओल १२ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी हवी. मोजायचं यंत्र नसेल तर दाणा दाताखाली धरून बघा. कटकन तुटला तर ठीक, चेपला तर अजून वाळवायला हवा. एका मोठ्या पिंपापेक्षा पाच-पाच किलोचे हवाबंद डबे बरे, कारण कीड लागली तरी एकाच डब्याला लागते. थोडंच धान्य असेल तर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा, अंडीही मरतात. फक्त बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर हवेतली वाफ थंड दाण्यांवर धरते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

आणि रोज जे खाता तेच साठवा. नवा डबा मागे, जुना पुढे. पीठ आणि बिनसडीचा तांदूळ यांचा मोठा साठा करू नका, त्यांतलं तेल खवट होतं.

उधारीवर साठा

कार्डावर हप्ते पाडून जनरेटर घेणारे लोक मी पाहिलेत. कठीण काळात पहिला आटतो तो पगार, आणि हप्ता मात्र तारखेला हजर असतो. जास्त व्याजाचं कर्ज फेडणं हीसुद्धा तयारीच आहे. फोटो काढण्यासारखी नाही, एवढंच.

याच्या उलट चूक म्हणजे सगळा पैसा एकाच खात्यात ठेवणं. ग्रीसमध्ये २०१५च्या जूनअखेर बँका बंद झाल्या आणि एटीएममधून दिवसाला फक्त ६० युरो मिळू लागले. सायप्रसमध्ये २०१३च्या मार्चमध्ये बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या. खात्यात पैसे असूनही लोक रांगेत उभे होते. दोन-तीन आठवड्यांचा घरखर्च सुट्या नोटांत घरात असू द्या.

बाग केली, पोट भरेना

ही चूक उत्साही लोकांची. गच्चीवर टोमॅटो, पालेभाज्या, मिरच्या लावतात आणि स्वावलंबी झालो म्हणतात. हिशोब करून बघा. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. एक किलो टोमॅटोत जेमतेम १८०, एक किलो बटाट्यात ७७०च्या आसपास, आणि एक किलो सुक्या कडधान्यात ३४००च्या घरात. भाजी लावाच, बरीच जीवनसत्त्वं तिच्यातून येतात आणि भाजीचा खर्चही वाचतो. पण पोटाचा भार कंद, कडधान्य आणि धान्य यांच्यावरच असतो. १८९३च्या मंदीनंतर अमेरिकेतल्या डेट्रॉइटचे महापौर हेझन पिंग्री यांनी शहरातल्या पडीक जागा बेकारांना कसायला दिल्या. तिथे मुख्य पीक बटाट्याचं होतं.

म्हणून सगळा बटाटाच लावायचा का? आयर्लंडमध्ये गरिबांचं पोट बहुतांशी ‘लंपर’ नावाच्या एकाच वाणावर होतं. १८४५ मध्ये करपा आला, पुढची काही वर्षं पीक हातचं गेलं आणि सुमारे दहा लाख माणसं मेली. शेतं धान्य पिकवत होती, पण ते गरिबाच्या ताटापर्यंत पोचत नव्हतं, हेही विसरू नये. निदान तीन वेगळ्या कुळांतली पिकं लावा.

बियाण्याचंही तसंच. संकरित वाणाचं बी धरून पुढच्या वर्षी पेरलं तर झाडं एकसारखी येत नाहीत, म्हणून साठ्यात सरळ वाणाचं बी ठेवा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत मरतं, टोमॅटोचं नीट ठेवलं तर चार-पाच वर्षं टिकतं. हंगामाआधी दहा बिया ओल्या कागदात गुंडाळून उबदार जागी ठेवा. सहापेक्षा कमी उगवल्या तर बी बदला, नाहीतर दुप्पट पेरा.

बरणी बंद केली म्हणजे टिकलं असं नाही

इथे चूक जिवावर बेतते. भाज्या, शिजवलेली कडधान्यं, तेलात बुडवलेला लसूण अशा कमी आंबट पदार्थांत, हवा नसली की, बोट्युलिझमचे जंतू विष तयार करतात. वास येईलच, चव बदलेलच असं नाही. नेहमीसारखं पाण्यात उकळून, म्हणजे १०० अंशांवर, त्यांचे बीजाणू (जंतूंचं टणक कवचातलं सुप्त रूप) खात्रीनं मरत नाहीत. त्यासाठी १२१ अंशांच्या आसपासचं तापमान देणारं, खास बरण्यांसाठीचं प्रेशर उपकरण लागतं. ते नसेल तर वाळवा, खारवा किंवा आंबवा. झाकण फुगलेली बरणी चाखून बघू नका, थेट फेका.

सौर पॅनेल आहे, तरी अंधार

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. छतावर पॅनेल, कडक ऊन, आणि वीज गेली की घर बंद! बिघाड नाही. वीजकंपनीच्या तारांना जोडलेला साधा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) तारांमधली वीज गेली की मुद्दाम बंद पडतो, म्हणजे तिथे काम करणाऱ्या वायरमनला धक्का बसत नाही. अशा वेळी वीज हवी असेल तर बॅटरी आणि तारांपासून वेगळं होऊन चालणारा इन्व्हर्टर लागतो. घ्यायच्या आधी विक्रेत्याला नेमका हाच प्रश्न विचारा.

सगळं एकट्यानं, किंवा सगळं सगळ्यांचं

एकटं घर फार दिवस तग धरत नाही, हे बहुतेकांना पटतं. मग उत्साहात मंडळ होतं आणि सहा महिन्यांत भांडण होतं. आम्ही सात घरांनी मिळून फवारणी पंप घेतला होता. दुसऱ्या हंगामात नोझल औषधाच्या गाळानं बुजलेला, वॉशर फाटलेला, आणि शेवटी कोणी वापरला हे कोणालाच आठवेना. आता पंपाला एक वही बांधलेली आहे. नेताना सही, आणतानाही सही. परत करण्याआधी साध्या पाण्याची एक टाकी त्यातून मारायची. दर वापरामागे थोडी वर्गणी वॉशरसाठी. तेव्हापासून पंपही शाबूत आहे आणि बोलणंही.

१८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेलला २८ जणांनी सहकारी दुकान काढलं. पीठ, साखर, लोणी, ओटचं पीठ आणि थोड्या मेणबत्त्या एवढाच माल आणि उधारी बंद. ते नियम कडक वाटतात, पण टिकले. उलट अर्जेंटिनात १९९५ मध्ये सुरू झालेली वस्तुविनिमय मंडळं २००१च्या संकटानंतर झपाट्यानं वाढली. त्यांनी स्वतःच्या चिठ्ठ्या नोटांसारख्या चालवल्या. त्या बेसुमार छापल्या गेल्या, बनावटही आल्या आणि चिठ्ठीची किंमत मातीमोल झाली. ओळखीतल्या दहा-वीस घरांत चिठ्ठी छापायची गरजच नाही. एक वही आणि महिन्यातून एकदा हिशोब एवढं भागतं. त्या वहीत कोणाकडे काय आहे यापेक्षा कोणाला काय येतं हे आधी लिहा: शिवण, नळजोडणी, प्रथमोपचार, म्हातारी माणसं सांभाळणं.

हे सगळं झाल्यावर एक शनिवार-रविवार मेन स्विच आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करा. पिण्या-शिजवण्यासाठी माणशी रोज चार लिटर पाणी आधी भरून ठेवा आणि त्यातच भागवा. घरात आजारी माणूस किंवा विजेवर चालणारं उपकरण असेल तर ते वगळून. जिथे अडेल ते लिहून काढा. आमची पहिली यादी अकरा ओळींची झाली. टॉर्चमधले सेल गळून गंजले होते, काडेपेटी ओलसर होती. आणि पहिली ओळ होती: पिंपाचं झाकण उघडायचा पाना सापडत नाही.