वापरलेल्या पितळी पुंगळ्या रिलोडिंगसाठी स्वच्छ कशा कराव्यात

काडतूस झाडले की प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) फुटतो, दारू जळते, गोळी निघून जाते. हातात उरते ती पितळी पुंगळी. काडतुसातला सर्वांत महागडा भाग बहुधा हाच असतो आणि तो पुन्हा पुन्हा भरता येतो. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही (विकायची असतील तर लागतो), त्यामुळे तिथे रिलोडिंग हा गॅरेजमधला छंद आहे. हा लेख तिथल्या मराठी नेमबाजांसाठी. भारतात मामला वेगळा आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रेसुद्धा ‘दारूगोळा’ या व्याख्येत मोडतात. तेव्हा रेंजवरची एखादी पुंगळी आठवण म्हणून मुंबईला नेण्याच्या बॅगेत टाकू नका. विमानतळावर ती सापडली तर सुट्टीचे पहिले दिवस पोलिसांना उत्तरे देण्यात जातील.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. नेमबाजीसाठी चकाकीची गरज नसते. काळपट पडलेली पण स्वच्छ पुंगळी नव्या कोऱ्या पुंगळीसारखीच चालते. पुंगळी धुवायची ती दोन कारणांसाठी. एक म्हणजे काजळी आणि रेतीचे कण साइझिंग डायला (फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापात आणणाऱ्या साच्याला) ओरखडे पाडतात, आणि मग त्या डायमधून जाणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटतो. दुसरे म्हणजे घाणीखाली तडा दिसत नाही. आरशासारखी झळाळी हा फक्त हौसेचा भाग आहे.

शिशाची काळजी

बहुतेक प्रायमरमध्ये लेड स्टिफनेट असते. म्हणजे पुंगळीच्या आतल्या काजळीत शिसे असतेच, आणि ते नाकातोंडावाटे शरीरात जाते. नायट्राइलचे हातमोजे घाला. काम गॅरेजमध्ये किंवा अंगणात करा, स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये कधीच नको. चाळणी, बादली, टॉवेल, चमचा हे सगळे या कामापुरतेच वेगळे ठेवा. लहान मुलांना आसपास येऊ देऊ नका. धुतलेले काळे पाणी भाजीच्या वाफ्यात ओतू नका. काम झाले की हात साबणाने धुवा, आणि मगच चहाच्या कपाला हात लावा.

निवड

रेंजवरून गोळा केलेल्या ढिगावरून आधी लोहचुंबक फिरवा. चिकटतील त्या पोलादी पुंगळ्या बाजूला काढा. राखाडी, वजनाला हलक्या ॲल्युमिनियमच्या पुंगळ्याही काढून टाका. मग प्रत्येक पुंगळीत उजेडाकडे धरून बघा. तळाला मधोमध एकच भोक दिसले तर ती बॉक्सर पद्धतीची, म्हणजे कामाची. दोन बारीक भोके दिसली तर बर्डन पद्धतीची. तिच्यात डीकॅपिंगची, म्हणजे जुना प्रायमर ढकलून काढायची, पिन घातली की पिन मोडलीच म्हणून समजा.

आकारानुसार वेगळ्या करताना घाई करू नका. पिस्तुलाच्या आकारांत ९ मिमीची पुंगळी .४० च्या पोटात आणि .४० ची .४५ च्या पोटात अशी काही घट्ट बसते की धुतानाही सुटत नाही, आणि आतली तशीच घाण राहते. .४५ एसीपीमध्ये आणखी एक खोच आहे. या आकारात मोठ्या आणि लहान अशा दोन्ही मापांचे प्रायमर वापरलेले सापडतात, त्यामुळे बुडाकडून नीट पाहून वेगळ्या करा. निकेलचा मुलामा दिलेल्या पांढऱ्या पुंगळ्यांचा घाणा वेगळा लावा आणि त्यांना निम्माच वेळ द्या, नाहीतर मुलामा सोलवटतो.

आधी प्रायमर काढा, पण साइझिंग नको

ओल्या पद्धतीने धुणार असाल तर जुना प्रायमर आधी काढणे बरे. तो तसाच राहिला तर त्याच्यामागे पाणी अडकते आणि ते वाळता वाळत नाही. शिवाय प्रायमरची खोबणही धुतली जात नाही. यासाठी युनिव्हर्सल डीकॅपिंग डाय वापरा. ती पुंगळीच्या भिंतीला घासत नाही, नुसती पिन आत घालून प्रायमर ढकलते. नेहमीची साइझिंग डाय या कामाला लावली तर आपण जे टाळू पाहतो तेच होते, म्हणजे रेतीसकट पुंगळी डायमध्ये घासली जाते. डोळ्यांवर चष्मा हवाच. न फुटलेला प्रायमर असलेली पुंगळी या घाण्यात घेऊच नका.

ओली पद्धत: स्टीलच्या पिना

आडवे फिरणारे रबरी अस्तराचे पिंप, आत स्टेनलेस स्टीलच्या बारीक पिना, पाणी आणि साबण, एवढाच हा खेळ. १५ पौंड क्षमतेच्या पिंपासाठी प्रमाण असे:

- पिना ५ पौंड (सुमारे २.३ किलो)
- पुंगळ्या २ पौंड (सुमारे ९०० ग्रॅम). म्हणजे ९ मिमीच्या साधारण २३०, किंवा रायफलच्या .२२३ च्या १५० किंवा .३०८ च्या ८०
- पाणी १ गॅलन (३.८ लिटर). याचेच वजन ८ पौंड भरते, म्हणून पुंगळ्या जास्त कोंबल्या की मोटर दमते
- भांडी घासायचा द्रव साबण १ टेबलस्पून
- सायट्रिक ॲसिड पाव टीस्पून

पिस्तुलाच्या पुंगळ्यांना एक ते दोन तास, रायफलच्या फार मळलेल्यांना तीन तास पुरे. झाकण उघडल्यावर पाणी शाईसारखे काळे दिसेल. ते तसेच दिसायला हवे.

बहुतेक चुका सायट्रिक ॲसिडमध्ये होतात. पाव चमच्याने पितळ उजळले म्हणून पुढच्या वेळी लोक दोन चमचे घालतात, आणि पुंगळ्या गुलाबी होऊन बाहेर येतात. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त. आम्ल जास्त झाले किंवा फार वेळ राहिले की पृष्ठभागातले जस्त विरघळते आणि मागे तांब्याचा थर उरतो. चिंच-मिठाने घासलेला पितळी तांब्या जास्त वेळ तसाच ठेवला की लालसर दिसतो, तसेच हे. त्या भांड्याला त्याने काही होत नाही, पण पुंगळीला कित्येक हजार पौंडांचा दाब सोसायचा असतो. ९ मिमीसाठी कमाल दाब दर चौरस इंचाला ३५,००० पौंड आहे, .३०८ साठी ६२,०००. हलकी गुलाबी झाक वरवरची असते, ती चालते. जिथे पृष्ठभाग खडबडीत किंवा खड्डे पडलेला दिसेल ती पुंगळी बाद करा. आणि चिंच-मीठ देवघरापुरतेच ठेवा.

उलट पुंगळ्या धुऊनही मळकट करड्या निघाल्या तर पाणी जड आहे. अशा वेळी सायट्रिक ॲसिड पाव टीस्पूनऐवजी अर्धा टीस्पून घालून बघा, त्यापुढे जाऊ नका.

वेळ वाढवण्यातही फायदा नाही. पुंगळ्या एकमेकींवर आपटत राहतात आणि तोंडाची कड ठोकली जाऊन आत वळते. नखाला धार लागते ती हीच. चॅम्फर करण्याच्या, म्हणजे कड तिरकी तासायच्या, हत्याराने ती निघते, पण कमी वेळ फिरवणे त्याहून सोपे.

मग खंगाळणे. फेस पूर्ण जाईपर्यंत तीन-चार वेळा पाणी बदला. पिना वेगळ्या करायला हाताने फिरवायची जाळीदार टोपली पाण्यात बुडवून फिरवा. पाण्याखाली पिना सहज सुटतात. सांडलेल्या पिना लोहचुंबकाने उचला. त्यानंतर प्रत्येक पुंगळी उलटी करून टकटक करा आणि आत बघा. बुडातले भोक साधारण ०.०८० इंचाचे असते, त्यामुळे ०.०४१ इंच जाडीच्या दोन पिना जोडीने त्यात नेमक्या रुतून बसतात. ०.०४७ इंचाच्या पिना घेतल्या तर ही डोकेदुखी होत नाही. अरुंद मानेच्या .२२३ मध्ये मात्र मानेतही पिन अडकू शकते. राहिलेली पिन गोळीबरोबर नळीतून जाते, म्हणून इथे कंटाळा नको.

वाळवणे

जुन्या टॉवेलमध्ये पुंगळ्या घ्या, दोन टोके धरून हेलकावे द्या. सुटेल तेवढे पाणी सुटले की उन्हात पसरा. कॅलिफोर्निया-ॲरिझोनात एक दुपार पुरते. थंडीत फूड डीहायड्रेटर ६५ अंश सेल्सियसवर दोनेक तास चालवा. तो पुन्हा खाण्याच्या पदार्थांना वापरायचा नाही. ओव्हन वापरण्याचा मोह आवरा. साधारण २५० अंशांपुढे हे पितळ मऊ पडू लागते आणि स्वस्त ओव्हन तापलेल्या कांडीजवळ ठरवलेल्या अंशांच्या बरेच पुढे जातात. पुंगळीचे बूड मऊ पडले की दाब रोखणारे काही उरत नाही. गरम वायू थेट नेमबाजाच्या तोंडाकडे येतात. याला दुरुस्ती नाही.

पाण्याचे डाग राहिले तर राहू द्या. आतला ओलावा मात्र दारू निकामी करतो. भरण्याआधी एक-दोन दिवस उघड्यावर ठेवलेल्या बऱ्या.

कोरडी पद्धत

थरथरणाऱ्या वाडग्यात मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाचा भरडा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा घालून पुंगळ्या फिरवायच्या. अक्रोड जास्त कापतो, तो फार मळलेल्यांसाठी. मका झळाळी देतो. मक्याचा २०/४० नंबरचा बारीक भरडा घ्या. १४/२० नंबरचा दाणा बुडाच्या भोकात हमखास अडकतो. वाडगा दोन तृतीयांश भरेल इतका भरडा, त्यावर पुंगळ्या, आणि दोन ते चार तास. पॉलिश घालायचे असेल तर एक बूच पुरे, आणि ते पुंगळ्या टाकण्याआधी दहा-पंधरा मिनिटे नुसत्या भरड्यात फिरवून घ्या, नाहीतर गोळे होऊन भोके बुजतात. ड्रायर शीटच्या दोन-चार पट्ट्या कापून आत टाका, धूळ त्यांना चिकटते. झाकण लावलेलेच ठेवा आणि चाळणे बाहेर मोकळ्यावर करा. या पद्धतीत शिसे धुळीच्या रूपाने उडते, ओल्या पद्धतीत ते पाण्यात बसते. घरात मुले असतील तर आमचे मत ओल्या पद्धतीला.

मात्र कोरडीचा एक उपयोग ओलीला नाही. पिनांनी धुतलेली पुंगळी आतून इतकी निखळ होते की गोळी बसवताना मानेत कचकचते आणि बसवण्याचा जोर एकसारखा राहत नाही. अशा पुंगळ्या थोड्या कार वॅक्ससह मक्यात वीसेक मिनिटे फिरवल्या की हा चिकटपणा जातो. साइझिंगनंतरचे वंगण काढायलाही हाच उपाय.

अमोनिया का नको

ब्रासोसारखी पॉलिशे आणि काचा पुसण्याची काही द्रावणे यांत अमोनिया असतो. पितळ त्याने झटपट उजळते, म्हणूनच मोह होतो. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत, आणि तीही गोळीभोवती पितळ आवळलेले असे त्याच जागी. पावसाळ्यात ती घोड्यांच्या तबेल्यांत ठेवलेली असत. घोड्यांच्या मुतातून उठणारा अमोनिया दमट हवेत ताण घेतलेल्या पितळात शिरून त्याला चिरत होता. याचा उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. साइझिंग केलेल्या, गोळी आवळलेल्या मानेत तोच ताण आजही असतो. पॉलिशच्या बाटलीवरची घटकांची यादी वाचून घ्या.

शेवटची पाहणी

आता खरे काम. चांगल्या उजेडात प्रत्येक पुंगळी फिरवून बघा. तोंडाशी उभी बारीक चीर असेल तर बाद. रायफलच्या पुंगळीवर बुडाच्या थोडे वर चमकदार कडे दिसले तर कागदाच्या क्लिपचे टोक काटकोनात वाकवून, आतून बुडाकडून वर ओढा. टोक खाचेत अडखळले तर भिंत आतून झिजली आहे, पुढच्या बाराला ती दोन तुकडे होईल. प्रायमर बसवताना बोटाच्या जोराने आत गेला तर खोबण सैल झाली, तीही बाद.

बाद पुंगळीचे तोंड पक्कडीने चेपा आणि मगच भंगाराच्या डब्यात टाका. नुसती बाजूला ठेवलेली पुंगळी पुढच्या घाण्यात परत येते, आणि धुतल्यावर ती इतर पुंगळ्यांइतकीच चकचकीत दिसते.