'असेल का?' इंग्रजीत विचारताना 'मे' नको

'ती घरी असेल' याचं 'शी मे बी ॲट होम' हे इंग्रजी अगदी बरोबर आहे. गडबड होते ती प्रश्न करताना. आपण सरळ 'मे' उचलून पुढे आणतो आणि 'मे शी बी ॲट होम?' असं विचारतो. ऐकणारा गोंधळतो, कारण प्रश्नाच्या सुरुवातीला 'मे' आला की तो परवानगीचा वाटतो, 'मे आय कम इन?' सारखा. शक्यता विचारायची असेल तर 'कुड' वापरा: 'कुड शी बी ॲट होम?'

दारावरची बेल वाजली, कोण आलं असेल बरं? 'हू कुड दॅट बी?' इथे 'कॅन'ही चालतो. झालेल्या गोष्टीबद्दल शंका असेल, तर 'कुड'नंतर 'हॅव' आणि क्रियापदाचं तिसरं रूप: 'कुड ही हॅव मिस्ड द बस?', म्हणजे त्याची बस चुकली असेल का?

'माइट'ने प्रश्न सुरू केला तर चूक नाही, पण फार औपचारिक वाटतं. त्यापेक्षा मला आवडणारी युक्ती अशी: आधी 'डू यू थिंक' म्हणा आणि पुढे साधं विधान ठेवा. 'डू यू थिंक शी माइट बी ॲट होम?' यात 'मे'सुद्धा निर्धास्त वापरता येतो, कारण तो प्रश्नाच्या तोंडाशी नसतो. बोलताना हेच सर्वांत सहज वाटतं.

उत्तर देताना मात्र जपा. 'शी मे नॉट बी ॲट होम' म्हणजे कदाचित नसेल. 'शी कान्ट बी ॲट होम' म्हणजे ती घरी असणं शक्यच नाही.