पोटगी आणि निराधारचं अनुदान: दोन्हीकडे अडकवणाऱ्या चुका

तहसील कचेरीच्या व्हरांड्यात एक बाई तासभर उभी होती. पिशवीतून तिने चार घड्या घातलेला शंभराचा स्टॅम्प पेपर काढला. त्यावर नोटरीचा लाल शिक्का, दोन्हीकडच्या पंचांच्या सह्या आणि मजकूर असा: ‘आम्ही उभयता राजीखुशीने विभक्त राहत असून यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क सांगणार नाही.’ ‘भाऊसाहेब, माझी फारकत झालीय, निराधारचा अर्ज घ्या,’ ती म्हणाली. भाऊसाहेबांनी कागद उलटसुलट पाहिला आणि परत केला. ‘ताई, कोर्टाचा हुकूम आणा.’

अर्ज लिहून देण्याच्या निमित्ताने असले कागद मी इतके पाहिलेत की आता लाल शिक्का दिसला तरी पोटात गोळा येतो. हा कागद दोन्हीकडे नडतो. नोटरीपुढच्या फारकतीने हिंदू विवाह मोडत नाही. समाजात काडीमोडीची जुनी रूढी असेल, तर ती कोर्टात पुराव्याने शाबीत करावी लागते. म्हणजे तहसीलच्या लेखी ही बाई घटस्फोटित नाही. आणि पोटगी मागायला गेली तर? फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम 125 हे 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 144 झालं. त्यातही जुनीच अट कायम आहे: नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला पोटगी नाही. ‘राजीखुशीने’ हा एवढा एक शब्द समोरच्या वकिलाला पुरतो.

सही होऊन गेली असेल तर कागद लपवू नका, आधी आपल्या वकिलाला दाखवा. तो कशा परिस्थितीत लिहून घेतला, हे कोर्टाला सांगता येतं. आणि मुलांचा पोटगीचा हक्क हा मुलांचा आहे, आईने सही केली म्हणून तो जात नाही. तहसीलमध्ये अशा बाईने घटस्फोटित म्हणून नव्हे, परित्यक्ता म्हणून अर्ज करायचा असतो. त्या दिवशी व्हरांड्यात तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

हुकूम झाला म्हणजे पैसे आले असं नाही

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला 1,500 रुपये मिळतात आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये आहे. घटस्फोट झालेली किंवा प्रक्रियेत असलेली, पण पोटगी न मिळणारी किंवा या मर्यादेपेक्षा कमी पोटगी मिळणारी बाई त्यात बसते. हिशेब केला तर महिन्याला 1,750 रुपये. कोर्टाने 3,000 मंजूर केले की बायका स्वतःच समजतात, आपलं नाव आता गेलं. पण नवऱ्याने दमडी दिली नसेल तर ती ‘पोटगी न मिळणारी’च. फक्त ते दाखवता आलं पाहिजे, आणि दाखवायचं कशाने? वसुलीच्या अर्जाने.

सगळ्यात महाग पडणारी चूक इथे होते. थकलेल्या पोटगीसाठी वॉरंट हवं असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. ‘देईल हो, दिवाळीला देतो म्हणालाय’ असं करत तीन वर्षं गेली की या वाटेने पहिल्या दोन वर्षांचे पैसे मागता येत नाहीत. म्हणून दर दहा-अकरा महिन्यांनी वसुलीचा अर्ज टाका. त्याची पोच तहसीलच्या अर्जाला जोडली की एका कागदात दोन कामं होतात. नवरा महिनाभर तुरुंगात जाऊन आला तरी थकबाकी फिटत नाही, सर्वोच्च न्यायालयाने हे 1989 मध्येच स्पष्ट केलं आहे. आणि पोटगी हातात रोख घेऊ नका, खात्यावरच घ्या. रोख दिली-घेतली याचा वाद कधी मिटत नाही. थकबाकी एकदम जमा झाली तर पासबुकाच्या झेरॉक्ससोबत हुकूमही जोडा, म्हणजे ती कुठल्या महिन्यांची आहे ते कळतं.

दोन प्रतिज्ञापत्रं, दोन गोष्टी

सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर 2020 च्या निकालापासून पोटगीच्या दाव्यात दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. आधी दुसऱ्या कायद्याखाली पोटगीचा हुकूम झाला असेल तर तोही सांगावा लागतो. आता चित्र असं: तहसीलला दिलेल्या कागदात वार्षिक उत्पन्न 21,000, आणि कोर्टात दिलेला खर्च महिन्याला 12,000. उलटतपासणीत पहिलाच प्रश्न येतो, ‘बाई, वरचे पैसे कोण देतं?’ उत्तर साधं असतं: भाऊ देतो, किराणा उधार येतो. पण ते आधी लिहिलेलं नसतं, म्हणून खोटं वाटतं. भावाची मदत, उधारी, अनुदान, धुण्याभांड्याचे पैसे, सगळं लिहा. थोडंफार स्वतःचं उत्पन्न असलं म्हणून पोटगी बुडत नाही, कोर्टाने फार तर रक्कम ठरवताना ते धरलं असं होतं. लपवलेलं सापडलं की मात्र खरं बोललेल्या गोष्टींवरही विश्वास राहत नाही.

निराधारचे 1,500 आणि लाडक्या बहिणीचे 1,500 दोन्ही एकाच बाईला घेता येत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

रेशनकार्डाचं तसंच. कोर्टात म्हणायचं, ‘दोन वर्षांपूर्वी घराबाहेर काढलं’ आणि नाव अजून सासरच्या कार्डावर. नाव कमी करून घ्या, मुलांचंही, आणि तसा दाखला मागा. एकट्या पालकाच्या मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, दरमहा 2,250 रुपये. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. पोटगीचा निकाल लागेपर्यंत थांबून राहू नका.

नोकरी किंवा पेन्शन सरकारी असेल तर

नवरा पगारदार असेल तर पोटगीच्या दिवाणी हुकूमनाम्यासाठी पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. इतर देण्यांच्या जप्तीत बराच मोठा भाग सुटतो, म्हणून पोटगीतही तसंच असेल असा लोकांचा चुकीचा समज असतो. पेन्शनला हात लागत नाही, असंही नवरे छातीठोकपणे सांगतात. पत्नीच्या पोटगीसाठी पेन्शनवर जप्ती येऊ शकते, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिलेला आहे.

माहेरचं पेन्शन मात्र बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते आणि मुलगी त्यांच्यावर अवलंबून होती, तर घटस्फोटित मुलीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. अट अशी की आई किंवा वडील हयात असताना घटस्फोटाचा दावा दाखल झालेला हवा. निकाल नंतर लागला तरी 2017 पासून चालतं. नोटरीच्या कागदावर विसंबून वीस वर्षं काढलेल्या मुलीचं इथेही काही चालत नाही.

वकिलाच्या फीमुळे अडलं असेल तर स्त्रियांना आणि मुलांना 1987 च्या कायद्याने मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 वर फोन करा. हुकूम हाती आला की त्याच दिवशी तीन प्रमाणित नकलांचा अर्ज टाका: एक तहसीलला, एक रेशनसाठी, एक घरात ठेवायला. घरात ठेवलेली नक्कल कुणी कितीही मागितली तरी झेरॉक्सच द्या.